खोडदच्या फ्रीजमधल्या गोळ्या

दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून मागे लागलेल्या संपादकबाईंनी मला विषयही देऊन टाकला होता : औषधदुकानातले हृद्य अनुभव. मी म्हटलं, हृद्य नको, मी खालच्या गोळ्यांवर लिहिते. मग त्या म्हणाल्या, "खालच्या म्हणजे खालच्या फळीवरच्या का?"

नाही हो बाई. खालच्या म्हणजे खालच्या.

नारायणगावात आमचं मेडिकल आहे. माझ्या सासऱ्यांच्या आजोबांनी राजस्थानातून येऊन इथं किराणा मांडला. मी औषधशास्त्राची पदविका घेऊन या घरात सून म्हणून आले, तेव्हा सासऱ्यांनी गुळाच्या भेल्यांची खोली रिकामी करून तिथं मला काउंटर टाकून दिलं. त्या खोलीतल्या पहिल्या औषधांना बरेच दिवस गुळाचा वास येत होता. घरात आम्ही मराठीच बोलतो, मारवाडी फक्त रागावताना. सगळा तालुका मला भाभी म्हणतो. आता गुडघे बोलायला लागल्यापासून काउंटर माझी सून सांभाळते आणि मी मागे खुर्चीत बसून तिच्या चुका काढते.

आमचे हे, म्हणजे शांतिलालजी, माझ्या बरोबरीनेच काउंटरवर उभे असायचे. पण एखादी बाई इकडेतिकडे बघत पुढे झुकली, पदराचं टोक तोंडाशी नेलं आणि "भाभी, जरा..." म्हणाली, की हे मागच्या खोलीत ग्लुकोजचे डबे नीट लावायला जायचे. दिवसातून कितीतरी वेळा जायचे. सबंध जुन्नर तालुक्यात आमच्याइतके सरळ रेषेत लावलेले ग्लुकोजचे डबे कुठं सापडणार नाहीत.

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. बाईच्या योनीमार्गात कधीकधी बुरशी वाढते. खाज सुटते, आग होते, दह्याच्या चोथ्यासारखं पांढरं जातं. कधी तिथल्या जंतूंचं आपापसात बिनसतं, मग पातळ पाणी जातं आणि माशासारखा वास येतो. दोन्हींची औषधं वेगळी, म्हणून डॉक्टरांनी बघितल्याशिवाय आपल्या मनाने काही घ्यायचं नाही आणि चिठ्ठीशिवाय मी द्यायची नाही. पुष्कळदा डॉक्टर जी गोळी लिहितात ती गिळायची नसते, थेट आत ठेवायची असते. काही चपट्या खडूसारख्या, काही मेणासारख्या निमुळत्या. अंगाच्या उबेनं विरघळतात आणि जिथं दुखणं तिथंच काम करतात.

हात साबणाने धुवायचे. उताणं झोपायचं, गुडघे दुमडायचे आणि बोटाने किंवा पाकिटातल्या नळीने गोळी सहज जाईल तेवढी आत सरकवायची. जोर करायचा नाही. झोपायच्या वेळीच ठेवायची, कारण ठेवून उठून भाकऱ्या करायला लागलात तर औषध पातळात उतरतं. सकाळी थोडं ओघळतंच, तेवढ्यापुरता पॅड लावायचा. मधेच बरं वाटलं तरी सांगितलेल्या सगळ्या गोळ्या संपवायच्या. तेवढे दिवस नवऱ्याने दुसऱ्या कुशीवर झोपायचं. पोटात बाळ असेल तर आधी डॉक्टरांना सांगायचं आणि नळी आपल्या मनाने वापरायची नाही. आतून साबण, जंतुनाशकाचं पाणी, लिंबू, असलं काही लावायचं नाही. ताप, ओटीपोटात कळा, अवेळी रक्त असेल तर माझ्याकडे न येता सरळ दवाखान्यात जायचं.

एवढंच शास्त्र आहे. पण ते ज्यांच्यासाठी आहे त्या दुकानात येत नाहीत. त्या नवऱ्याला पाठवतात.

बोरी बुद्रुकचे बाळूभाऊ तसेच आले होते. कांद्याची गाडी बाजारात लावून, बायकोची चिठ्ठी घेऊन. दुकानात गर्दी होती. मी पाकीट दिलं तर म्हणाले, "जेवणाआधी का जेवणानंतर?"

मी हळूच म्हटलं, "ही पोटात घ्यायची नाही, भाऊ. वहिनींनी ठेवायची आहे."

"कपाटात?"

"आत ठेवायची."

"कपाटाच्या आत?"

ग्लुकोजच्या खोलीतून ह्यांच्या खोकण्याचा आवाज आला. मी आणखी हळू आवाजात पुन्हा सांगितलं. बाळूभाऊंच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडला आणि ते आनंदाने ओरडले, "आरं तिच्या! गुरांची मोठी गोळी, बोलसच की हा! म्हशीची जार पडली न्हाई की आत ठिवत्यात तो!"

सगळं दुकान वळून बघायला लागलं. कुणीतरी म्हणालं, "कुठली म्हैस वो, मुऱ्हा का?" बाळूभाऊ त्याला समजावून सांगायला लागले, तेव्हा मी पाकीट त्यांच्या खिशात घातलं आणि त्यांना जवळजवळ ढकलून बाहेर काढलं.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या मंडळी स्वतः आल्या. पदर खोचलेला. "भाभी, आमच्या मालकाला काय सांगितलं तुमी? गुरांच्या डॉक्टराकडून खांद्यापस्तोर येणारा हातमोजा मागून आणला. तो चढवला, आन म्हनतोय, घाबरू नगंस, मला सवय हाय!"

"मग?"

"मग काय! लाटणं घेऊन माळवदावर चढवला. आजूक वरच हाय."

मी त्यांना आत खुर्चीवर बसवलं आणि सगळं नीट सांगितलं. हातमोजा लागत नाही, मालक लागत नाही, आपलं बोट पुरतं. त्या पदरात तोंड घालून इतक्या हसल्या की मलाच पाणी द्यावं लागलं. पण त्या दिवसानंतर मी एक नियम केला. चिठ्ठी कुणीही आणो, सांगायचं ते मी बाईलाच सांगणार.

हसण्यासारख्या सगळ्याच गोष्टी नसायच्या. आहुप्याकडची एक बाई द्राक्षांच्या मजुरीला आमच्या भागात उतरली होती. डोंगरातली भातनाचणीची माणसं, कामाला वाघ. सोबतच्या बाईने तिला अक्षरशः ओढत आणलं. किती वर्षं त्रास आहे विचारलं तर म्हणाली, "मोठ्या पोरीच्या वक्ताला झालं." पोरगी तिच्या शेजारीच उभी होती, चांगली वयात आलेली. मी म्हटलं, "अगं, इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाहीस?" तर म्हणाली, "आमच्याकडं याला नाव नाय. नाव नाय तर सांगायचं काय?" तिला डॉक्टरांकडे नेलं, औषध मिळालं, ती बरी झाली. पण तिच्या त्या वर्षांचं मला अजून वाईट वाटतं.

आता खोडदची गोष्ट. खोडदला त्या आकाशाकडे तोंड करून बसलेल्या दुर्बिणीच्या मोठमोठ्या तबकड्या आहेत, तिथल्या गाडीवर विलास ड्रायव्हर होता. त्याची बायको सविता, शांत, दहावी झालेली पोरगी. घरात विलासची आई शेवंताबाई. शेवंताबाईंचा आवाज इतका खणखणीत, की त्या घरात बोलल्या तरी आळीला चहाला बोलावल्यासारखं व्हायचं.

सविता पहिल्यांदा आली ती नायट्याचं मलम मागायला. पायाला लावायचंय म्हणाली. चार दिवसांत पुन्हा आली. तिसऱ्यांदा आली तेव्हा मी म्हटलं, "सविता, पाय कुठं संपतो सांगशील का?" पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. मलम बंद करायला लावलं आणि तिला आमच्या चौकातल्या डॉक्टरबाईंकडे धाडलं. त्यांनी तपासून बुरशी आहे म्हणून सांगितलं आणि मेणाच्या गोळ्या लिहून दिल्या. चैत्रातलं ऊन होतं, पत्र्याच्या घरात त्या गोळ्यांचं तूप व्हायला वेळ लागला नसता. म्हणून मी सांगितलं, फ्रीजच्या दारात ठेव, बर्फात नको.

तिकडे घरात वेगळंच चाललं होतं. सुनेला काहीतरी होतंय हे शेवंताबाईंनी ओळखलं होतं आणि त्यांनी निदानही करून टाकलं होतं : वंगाळ रोग. सविताने लोणच्याच्या बरणीला हात लावायचा नाही. तिची ताटवाटी वेगळी. आळीतल्या बायकांना ओट्यावर बसून सांगितलं, "आमच्या सुनंला आतला रोग हाय बाई, कुठून आणला तिचं तिला म्हाईत." आणि विलासला फर्मान सुटलं, की हिच्या भावाला बोलाव, हिला माहेरी धाड, बरी झाली तर बघू. 'बघू' म्हणजे काय ते आपल्याकडे सगळ्या सुनांना कळतं.

गोळ्यांनी आठवड्याभरात आराम पडायला हवा होता. सविता परत आली ती उतरलेल्या तोंडाने. "भाभी, गोळ्या पुरल्याच नाहीत. फ्रीजमधल्या कमी होतात."

"कमी होतात म्हणजे?"

"रोज ठेवायला जाते तर पाकीट हलकं."

कोर्स अर्धवट राहिला म्हणजे दुखणं दबून पुन्हा वर येतं. डॉक्टरबाईंनी पुन्हा लिहून दिल्या. त्याही कमी व्हायला लागल्या. मग विलासच दुकानात आला, भर गर्दीत.

"भाभी, तुमी पाकिटात गोळ्या कमी भरता का?"

ग्लुकोजच्या खोलीतून शांतिलालजी वाघासारखे बाहेर आले. धंद्याच्या इमानावर कुणी बोट ठेवलं की त्यांचं रक्त मारवाडीत उसळतं. "कम? म्हारे अठे कम? सीलबंद पाकीट असतं, भाऊ! कंपनी भरते! कुठली गोळी, दाखवा बरं!"

विलासने पाकीट वर धरलं. ह्यांनी चष्मा लावून वाचलं, पुन्हा वाचलं आणि "ही बघते" असं म्हणून मागच्या पावली ग्लुकोजकडे गेले.

मी विलासला बाजूला घेतलं. "घरात उंदीर?"

"उंदीर फ्रीज उघडतो व्हय भाभी?"

"तू तर नाही ना पेपरमिंट समजून..."

"सविता पण हेच म्हणती!" तो रडवेला झाला. "आमच्या तिथं कुठल्या कुठल्या ताऱ्याचा आवाज पकडत्यात, आन मला घरातला चोर गावंना. तिकडं आई ऐकत न्हाई. परवा मेव्हणा येतोय तिला न्यायला. ती गेली तर परत येईल असं वाटत न्हाई मला."

मी म्हटलं, "बायकोला आजार झालाय, गुन्हा नाही. तू आईला सांग."

"आईला?" विलास म्हणाला. "आईला तुमी सांगा."

परवाचा दिवस उजाडला, तो नेमका बाजाराचा. दुपारी उन्हात दुकान रिकामं होतं आणि शेवंताबाई पिशवी घेऊन आत आल्या. स्टुलावर बसल्या. पाणी मागितलं. खोकल्याच्या औषधाची चौकशी केली. टाचेच्या भेगांचं मलम हातात घेऊन परत ठेवलं. देवाच्या फोटोला नमस्कार केला. मग, त्या बाईचा आवाज इतका बारीक होऊ शकतो हे मला त्या दिवशी कळलं, म्हणाल्या, "भाभी, ती फ्रीजमदली मेणाची गोळी सुटी मिळंल का?"

शांतिलालजी उठून आत गेले. मी शेवंताबाईंकडे बघत राहिले.

"फ्रीजमधली? आजी, तुम्हाला कसं ठाऊक ती फ्रीजमध्ये ठेवतात?"

शेवंताबाई पदराच्या काठाशी खेळायला लागल्या. मग एकदम फुटल्या. "काय सांगू भाभी! मला बी तसंच व्हतंय. लई खाज. बसवत न्हाई, उठवत न्हाई. भजनाला बसले तर टाळ खाली ठिवावा लागतो. म्हातारपणी कुणाला सांगू? सुनंची गोळी बघितली, म्हटलं हिला गुण येतोय तर मला बी येईल."

"आणि घेतली कशी?"

"पैली गुळासंगं खाल्ली. लई वंगाळ लागली. मंग पाकिटातला कागद बघितला. त्यावर बाईचं चित्र व्हतं, पाय दुमडलेलं. तवा ध्यानात आलं."

मला हसूही येत होतं आणि संतापही येत होता. एकीकडे ही बाई सुनेला वंगाळ रोग झाला म्हणून आळीभर सांगत होती आणि दुसरीकडे तिचंच औषध चोरत होती. आणि माझी पंचाईत अशी, की काउंटरवर एकीने सांगितलेलं दुसरीला सांगायचं नाही हा आमचा धर्म. सविताला मी एक अक्षर बोलू शकत नव्हते, आणि तिचा भाऊ तिकडे निघाला असणार.

"आजी, तहान फार लागते का?"

"घागर पुरत न्हाई."

"लघवीला सारखं जावं लागतं?"

"तुमाला कुणी सांगितलं?" शेवंताबाई दचकल्या.

"मग गोळी नाही मिळायची. आधी डॉक्टरबाई."

"नगं गं बाई! म्हातारीला या वयात काय झालं म्हनून हसतील."

"मी येते तुमच्याबरोबर. हसल्या तर मी दुकान बंद करीन." आणि मी आत वळून म्हटलं, "अहो, काउंटर सांभाळा. मी आले."

शांतिलालजींच्या हातातला डबा पडला.

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. त्यांनी नीट तपासलं, बोटाला सुई टोचून साखर बघितली आणि यंत्रावरचा आकडा बघून भुवई उचलली. "आजी, तुम्हाला मधुमेह दिसतोय. उद्या उपाशीपोटी पुन्हा बघू. रक्तात साखर वाढली की बुरशीला आयतं जेवण मिळतं. नुसत्या गोळ्या ठेवून ही खाज जाणार नाही, साखर खाली आणायला हवी. आणि ऐका, एकीचं औषध दुसरीने घ्यायचं नाही. तुमचं दुखणं वेगळंही असू शकलं असतं. तिचंही अर्धवट राहतं आणि तुमचंही."

शेवंताबाईंनी मान खाली घातली. "सूनबाईचं पन हेच हाय का वो?" त्यांनी विचारलं.

"कुणाच्या सुनेला काय झालंय ते मी सांगणार नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण तुम्हाला जे झालंय ते चांगल्या घरच्या, स्वच्छ राहणाऱ्या, नवऱ्याशी एकनिष्ठ असणाऱ्या बायकांना सर्रास होतं. गरोदरपणात होतं, दुसरी औषधं घेतल्यावर होतं, काही कारण नसताना होतं. तुम्ही काय वाईट वागलात?"

"म्या? म्या कशाला वंगाळ वागू?"

"मग झालं तर."

परतताना शेवंताबाई दुकानाच्या जरा अलीकडे थांबल्या. "भाभी, म्या तर सगळ्या आळीला सांगून बसले की."

"मग परत सांगा."

"ते कसं सांगू?"

"जसं आधी सांगितलंत तसं. आवाज आहे तुम्हाला."

दुकानात आलो तर बाकावर बायका ओळीने बसलेल्या, प्रत्येकीच्या हातात ग्लुकोजच्या पाण्याचा ग्लास. कुणालाही काय हवंय ते न विचारता आमच्या ह्यांनी सगळ्यांना ग्लुकोज पाजलं होतं. "भाभी येतील, तोवर ताकद राहू द्या," असं म्हणत होते.

मी शेवंताबाईंना त्यांच्या स्वतःच्या गोळ्या दिल्या, दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी यायचं बजावलं, सगळं समजावलं. त्यांनी पाकीट पिशवीत कोथिंबिरीखाली दडवलं आणि खोडदच्या गाडीला गेल्या. मला काही भरवसा वाटत नव्हता.

पुढचं मला सविताने सांगितलं.

तिचा भाऊ आला होता. दारात बॅग भरून ठेवलेली. विलास उंबऱ्यात बसलेला, तोंड पाडून. समोरच्या ओट्यांवर आळीतल्या बायका गहू निवडत बसल्या होत्या. इतका गहू त्या आळीत कुणी एका दिवसात निवडला नव्हता. तेवढ्यात शेवंताबाई बाजारातून आल्या. बॅगेकडे बघितलं, सुनेकडे बघितलं. मग पिशवीतून कोथिंबीर काढली, त्याखालचं पाकीट काढलं आणि ते सगळ्यांना दिसेल असं वर धरलं.

"बघा गं बायांनो!" आवाज नेहमीचा. "ह्या माझ्या गोळ्या! खाली ठिवायच्या! सविताला झालं तेच मला झालंय. वंगाळ काय न्हाई, बुरशी हाय बुरशी, भाकरीला येती तशी! तिच्या गोळ्या म्याच चोरल्या. आता रोगाची बाई घरात नगं आसंल, तर तिच्या आधी मला माहेरी धाडा!"

विलास म्हणाला, "आई, तुझ्या माहेरात आता कोण हाय?"

"पडका गोठा हाय! तिथं सोड मला!"

गहू थांबले. मग समोरच्या ओट्यावरची एक म्हातारी हळूच म्हणाली, "शेवंते, त्या डॉक्टरीण बाईचा दवाखाना कुठल्या चौकात हाय गं?"

सविताच्या भावाने बॅग उचलली आणि आत नेऊन ठेवली. चहा झाला. लोणच्याची बरणी शेवंताबाईंनी स्वतः सुनेपुढे सरकवली, पण माफी म्हणून नव्हे. "वाढ की," एवढंच म्हणाल्या. सविता म्हणाली, "भाभी, आमच्या सासूबाईंचं हेच असतं."

डॉक्टरबाईंनी सविताला पुन्हा गोळ्या लिहून दिल्या, या वेळी तिने सगळा कोर्स पुरा केला आणि ती खडखडीत बरी झाली. शेवंताबाईंना वेळ लागला, पण साखर खाली आली तसा त्यांचाही टाळ वाजायला लागला. त्यानंतर कितीतरी दिवस खोडदहून बायका यायच्या, डॉक्टरबाईंची चिठ्ठी हातात, आणि काउंटरवर सरळ सांगायच्या, "शेवंताबाईंना झालं व्हतं ते."

दोघींचे कोर्स चालू असताना मध्ये विलास भेटला होता. चेहरा उजळला होता, पण एक तक्रार होती. म्हणाला, घरी गेलो तर लोणी ओट्यावर वितळत पडलेलं. फ्रीजचं दार उघडलं तर डावीकडे सविताचा डबा, उजवीकडे आईचा डबा, मधे साखरेची औषधं. विचारलं, लोणी कुठं ठेवू?

"आई म्हनली, लोनी भाकरीवर घे आन संपीव. फ्रीजात बायांची औषधं हायती."